अकरा वेळा एक

"सर, बाकी शून्य येते."

नववी 'ब'मधल्या सोजर घोडकेने वहीतून फाडलेला कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि हात मागे बांधून उभी राहिली.

"येत नाही," मी कागदाकडे न बघताच म्हणालो.

"येते, सर. तीनदा केलं."

"मग चौथ्यांदा कर."

"चौथ्यांदाबी केलं. आत्ता मधल्या सुट्टीत."

वर्गात खसखस पिकली. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. समोरच्या माणसाला आपल्या विद्वत्तेचं वजन कळावं म्हणून त्या काळात मी हे दिवसातून वीस वेळा करत असे. समोरच्यांना काय कळायचं, कोण जाणे. चष्म्याच्या काचा मात्र अकाली झिजल्या.

ही गोष्ट बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षाची. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी मुलींच्या हायस्कुलात गणित शिकवत होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण माझ्या विद्यार्थिनी तिथे अजून आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणींची स्मरणशक्ती चांगली आहे. मी एकोणतीस वर्षांचा होतो, अविवाहित होतो आणि एका संख्येच्या प्रेमात होतो.

ती संख्या म्हणजे एकापुढे एक असे अकरा एक. १११११११११११. अकरा अब्ज, अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा. दोन एक मांडले तर अकरा, ती मूळ संख्या. एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला कशानेही भाग जात नाही. तीन एक मांडले की संख्या फुटते, तीन गुणिले सदतीस. चार मांडले की अकराने भाग जातो. पाच मांडा, सात मांडा, सगळ्या फुटतात. सहा, आठ, नऊ आणि दहा एकांच्या तर दोन-दोन, तीन-तीन एकांचे गट पडून न भागताच फुटतात. पण अकरा एकांची संख्या फुटणार नाही, असं माझ्या मनाने घेतलं होतं. का घेतलं होतं, ते विचारू नका. प्रेमात पडलेल्याला कोणी कारण विचारतं का?

आता, संख्या मूळ आहे हे दाखवायचं तर तिला एक लाख पाच हजार चारशे नऊपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघायला हवं. अशा संख्या दहा हजारांहून थोड्या जास्त आहेत. एकट्याने केलं असतं तर माझं लग्नाचं वय निघून गेलं असतं. म्हणून मी युक्ती काढली. वर्गात बोललं, उशिरा आलं, वही विसरली, की त्या मुलीला माझ्या यादीतली एक मूळ संख्या द्यायची. "जा, मोठ्या संख्येला हिने भाग आणि बाकी लिहून आण." इतर मास्तर छडी मारत, मी भागाकार देत असे. स्वतःला मोठा सुधारक समजत होतो.

चार वर्षं हा कारखाना चालला. पहिल्या वर्षी गुन्हे भरपूर होते. तिसऱ्या वर्षी मुली शहाण्या झाल्या आणि गुन्हे कमी पडू लागले, तेव्हा मी शिंकेलाही शिक्षा ठेवली. एका मुलीची आई शाळेत येऊन म्हणाली, "मास्तर, पोरीला पडसं झालंय, त्यात तिचा काय गुन्हा?" मी तिला गणिताची थोरवी सांगितली. ती निमूटपणे गेली, पण जाताना माझ्याकडे ज्या नजरेने बघून गेली तिचा अर्थ मला उशिरा कळला.

एव्हाना सगळं संपत आलं होतं. पहिल्या वर्षी काही शिक्षा बुडाल्या होत्या, कोणाला ताप आला म्हणून, कोणाचं लग्न होऊन शाळा सुटली म्हणून. अशा तेवीस संख्या उरल्या होत्या आणि त्या मी या आठवड्यात वाटत होतो. शनिवारी शाळेचं स्नेहसंमेलन होतं. जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी येणार होते, आणि 'या शाळेत सिद्ध झालेली मूळ संख्या' मी त्यांच्यासमोर जाहीर करणार होतो. कार्यक्रमपत्रिकेत लेझीम आणि कोळीनृत्य यांच्या मधे माझं नाव छापलं होतं.

आणि मंगळवारी ही पोरगी, एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासने भागून, बाकी शून्य आणते!

"ठीक आहे," मी म्हणालो. "फळ्यावर करून दाखवतो. सगळ्यांनी बघा, घाईने केलेलं गणित कसं चुकतं ते."

मी झरझर एक मांडले आणि भागायला लागलो. माझा हात चांगला चालतो, एवढं मला आजही कबूल आहे. पाच, एक, तीन, दोन, तीन, नऊ. नवाने गुणून वजा केलं आणि खाली शून्य आलं.

मग वर पाहिलं, तर उतरवायचा एक अजून शिल्लक होता. देव पावला! तो उतरवला. भागात शून्य, बाकी एक.

"बाकी एक," मी खडू खाली ठेवून म्हणालो. "शेवटचा आकडा उतरवायला विसरलीस तू."

सोजर फळ्याकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते.

"सर," ती म्हणाली, "आकडे मोजा."

"काय म्हणालीस?"

"वरचे एक मोजा, सर."

"मला मोजायला शिकवतेस? बस खाली!" मी डस्टर घेऊन फळा पुसून टाकला. तिच्या कागदावर लाल पेन्सिलीने फुली मारली, वर 'खोटे उत्तर' असं लिहिलं आणि तो ड्रॉवरमध्ये टाकला.

फळा मी इतक्या घाईने का पुसला, हा प्रश्न तेव्हा मी स्वतःला विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, हिरेमठबाईंनी बोलावलं. प्रभावतीबाई हिरेमठ आमच्या मुख्याध्यापिका. आवाज हळू, पण शाळेतल्या चिमण्यासुद्धा त्यांना विचारून ओरडत.

"परांडकर, सोलापूरच्या वसतिगृहाची परीक्षा आहे. गणितावर घेतात. आपल्या शाळेतून एकच मुलगी पाठवायची आहे आणि अर्जावर गणिताच्या शिक्षकाची शिफारस लागते. शनिवारी दुपारच्या टपालाने अर्ज गेला पाहिजे. माझ्या मनात सोजर घोडके आहे."

"ती नको," मी म्हणालो.

"का? नववीत तिच्याइतकं गणित कोणाला येतं?"

"येत असेल. पण खोटं उत्तर आणते आणि वर उलट बोलते. त्यापेक्षा शैलजा शेटे बघा. चार वर्षांत एक शिक्षा चुकवली नाही. अक्षर मोत्यासारखं."

बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "शैलजाच्या वडिलांची पेठेत दोन दुकानं आहेत. तिला कुठेही शिकता येईल. सोजरचे वडील एसटी स्टँडजवळ सायकली दुरुस्त करतात. परवा येऊन मला सांगून गेले, वसतिगृहात जागा मिळाली तर शिकवतो, नाहीतर वैशाखात लग्न उरकतो. स्थळ ठरलेलं आहे. पंधरा वर्षांची आहे हो ती."

हे मला तेव्हा, त्या खोलीत, स्पष्ट शब्दांत सांगितलं गेलं होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

"मला वाईट वाटतं," मी म्हणालो, "पण गणितात खोटेपणा चालत नाही."

"लेखी द्याल?"

दिलं. 'सदर विद्यार्थिनी खोटी उत्तरे देते व उद्धट आहे, सबब शिफारस करता येत नाही.' खाली झोकदार सही. शैलजाच्या अर्जावर दुसरी सही. हातासरशी दोन पोरींचं भविष्य लिहून मी चहा प्यायला गेलो, आणि चहा चांगला होता हेही मला आठवतं.

शुक्रवारी दुपारी मी संमेलनासाठी तक्ता सजवायला बसलो. साहेबांना दाखवायला नमुन्याचे दोन-चार भागाकार चिकटवावेत म्हणून साठवलेल्या कागदांचे गठ्ठे काढले. सगळ्यांत देखणा कागद शैलजाचा असणार हे ठरलेलंच होतं. पहिलाच निघाला. भाजक १०००७. रेघा पट्टीने आखलेल्या, आकडे टपोरे. आणि शेवटी, चौकटीत, लाल शाईने: बाकी १२३४५.

मी डिंकाची बाटली उघडली, कागदाच्या मागे बोट फिरवलं आणि तसाच थांबलो. भाजक दहा हजार सात आणि बाकी बारा हजार तीनशे पंचेचाळीस? पाच जणांत लाडू वाटून सहा उरले म्हणावेत तशी गत! तिसरीतलं पोरही असं लिहिणार नाही.

दुसरा कागद घेतला. बाकी १८५७. तिसरा. बाकी १९४७. मग १९४२, मग पुन्हा १९४७. इतिहासाची परीक्षा असावी तसे एकेक सनावळीचे आकडे बाहेर यायला लागले. एकीने तर चार वेगवेगळ्या भाजकांना १११ हीच बाकी लिहिली होती, आणि चारही कागदांवर माझ्याच हातची बरोबरची खूण होती. भागाकाराच्या जागी कोणी दुधाचा हिशेब मांडला होता, कोणी गाण्याची ओळ लिहून वर रेघा ओढल्या होत्या. मी फक्त शेवटची ओळ बघत आलो होतो. तिथे शून्य नसलं की माझं समाधान होत असे.

व्हरांड्यात जैबुन शेख पताका लावत होती. ती सोजरच्या शेजारी बसणारी, शिंकेच्या शिक्षेत सगळ्यांत जास्त वेळा सापडलेली. मी तिला आत बोलावलं आणि कागद पुढे केला.

"जैबुन, हे काय आहे?"

तिने बघितलं आणि पताकेची दोरी बोटाला गुंडाळायला लागली.

"मारणार न्हाई न्हवं, सर?"

"नाही."

"शून्य सोडून काय पण चालतंय, सर."

"कोणी सांगितलं?"

"मोठ्या पोरी सांगून गेल्या. पाचवीत आलं की पयलं हेच सांगतेत. सर बघत न्हाईत, शून्य तेवढं लिहू नगा, न्हाईतर परत करावं लागतंय."

"म्हणजे सगळ्या...?"

"समद्या."

"आणि सोजर?"

"तिला कधी शिक्षाच न्हवती. ह्या मंगळवारी पयली. तिलाबी सांगितलं आमी, लिही काय पण आन मोकळी हो. तर म्हनली, मी करून बघते."

जैबुन गेली. मी सोजरचा कागद ड्रॉवरमधून काढला आणि उलटा ठेवला. मग कोऱ्या कागदावर एक मांडले. या वेळी प्रत्येक एकाखाली टिंब दिलं आणि टिंबं मोटरमधे बसलेली माणसं कंडक्टर मोजतो तशी बोट लावून मोजली. अकरा. भागायला लागलो. पाच, एक, तीन, दोन, तीन, नऊ. बाकी शून्य. आता उतरवायला काही नव्हतं. मंगळवारी फळ्यावर मी बारा एक मांडले होते. उलट गुणून खात्री केली: २१६४९ गुणिले ५१३२३९, बरोबर अकरा एक. सोजरच्या कागदावर आकड्याला आकडा हेच होतं.

माझी संख्या फुटली होती. ती कधीची फुटलेली होती. पुढे कळलं की शंभर वर्षांपूर्वीच लोकांनी तिचे हे दोन तुकडे करून पुस्तकात छापून ठेवले होते. पुण्याच्या एखाद्या चांगल्या ग्रंथालयात अर्धा दिवस गेलो असतो तर चारशे पोरींच्या शिंका वाचल्या असत्या.

आता लाज सांगायची तर पूर्ण सांगतो. मला पहिल्यांदा सोजर आठवली नाही. पहिल्यांदा मनात आलं की हे कोणाला कळणार आहे? साहेबांना भागाकार येत असेल याची खात्री नव्हती. संमेलन पार पडू द्यावं, संख्या मूळ म्हणून जाहीर करावी, आणि सोजरची शिफारसही गुपचूप करून टाकावी. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही. या विचाराने मला इतकं बरं वाटलं की मी तडक हिरेमठबाईंकडे गेलो.

"बाई, तो अर्ज. माझा विचार बदलला. सोजरचंच नाव पाठवू या."

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांनी कपाटातून माझं बुधवारचं पत्र काढून टेबलावर ठेवलं. "बुधवारी तुम्ही लिहून दिलंत की मुलगी खोटी उत्तरं देते. आज म्हणता शिफारस करतो. मधे काय झालं ते लिहा. शैलजाचं नाव काढायचं तर मला तिच्या वडिलांना कारण दाखवावं लागेल."

"काय लिहू?"

"जे झालं ते."

मी तिथेच बसलो. पहिला मसुदा लिहिला: 'काही गैरसमज झाला होता.' बाईंनी वाचला आणि परत दिला. दुसरा लिहिला: 'मुलीने आता सुधारणा केली आहे.' तो त्यांनी वाचून फाडला. तेवढा एकच कागद मी त्यांना फाडताना पाहिला.

"परांडकर," त्या म्हणाल्या, "ती तुमच्यासमोर उभी राहून खरं बोलली. तुम्हाला तर बसून लिहायचंय."

तिसरा मसुदा असा होता: 'कु. सोजर सोपान घोडके हिने दिलेले उत्तर बरोबर होते. ते तपासताना मी अकराऐवजी बारा आकडे मांडले. तिने चूक दाखवली असता मी फळा पुसला. मी तिच्याविषयी लिहिलेले खोटे आहे.' सही केली. ती झोकदार आली नाही.

आणि हे पत्र सोलापूरला जाणार म्हटल्यावर शनिवारी व्यासपीठावर खोटं बोलण्यात अर्थ उरला नाही. लेझीम संपली. मी उठलो. समोर साहेब, हारतुरे, गावातली प्रतिष्ठित मंडळी, मागे पालक. मी म्हणालो, "अकरा एकांची संख्या मूळ आहे असं मी आज जाहीर करणार होतो. ती मूळ नाही. चार वर्षं माझा समज चुकीचा होता. नववीतल्या सोजर घोडके हिने तिचे दोन अवयव शोधले. मी तिला खोटारडी म्हणालो होतो. सगळ्यांसमोर म्हणालो होतो, म्हणून सगळ्यांसमोर तिची माफी मागतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. संख्या मूळ आहे असं सांगितलं असतं तर जेवढ्या पडल्या असत्या, तेवढ्याच पडल्या. साहेब भाषणात म्हणाले की ग्रामीण भागातून अशाच मूळ संख्या पुढे आल्या पाहिजेत. माझ्या चार वर्षांच्या तपश्चर्येचा आणि तिच्या भंगाचा गावाला पडलेला फरक एवढाच.

कार्यक्रमानंतर एक माणूस माझ्याकडे आला. हाताला ग्रीस, अंगात धुतलेला सदरा.

"मी सोपान घोडके. समद्यांनी टाळ्या वाजवल्या म्हनून मीबी वाजवल्या, मास्तर. पन आमच्या सोजरनं नेमकं केलं काय?"

"माझी चूक काढली."

"गणितात?"

"गणितात."

"आन बरोबर कोन निघालं?"

"ती."

"हे तुमी कागदावर दिलंय का नुसतं माइकवर बोलला?"

"कागदावर दिलंय. दुपारच्या टपालाने सोलापूरला जाईल."

त्याने हाताचं ग्रीस निरखलं. मग म्हणाला, "टेंभुर्णीच्या पाव्हण्यास्नी वैशाख सांगितलाय. सांगतो त्यास्नी, थांबा म्हनून. न्हाई थांबले तर त्यांची मर्जी. मास्तरची चूक काढती म्हंजे पोरीत कायतरी आसंल."

तिने परीक्षा दिली, तिला जागा मिळाली आणि जूनमध्ये ती सोलापूरला गेली, हे आत्ताच सांगून टाकतो. पाव्हणे थांबले नाहीत. शैलजाच्या वडिलांनी पुढची दोन वर्षं मला नमस्कार केला नाही. वसतिगृहाच्या कमिटीत माझं पत्र बराच काळ मोठ्याने वाचून दाखवत, असं ऐकलं.

पण मला आठवतो तो शनिवारच. मंडप रिकामा झाला होता. सोजर सतरंज्या झटकून घड्या घालत होती. मी दुसरं टोक धरलं. आम्ही दोन घड्या घातल्या.

"सोजर," मी म्हणालो, "एक विचारू? बाकीच्या मुलींनी तुला सांगितलं होतं ना, काहीही लिही म्हणून?"

"हो, सर."

"मग एखादा आकडा लिहून मोकळी का झाली नाहीस? मी बरोबर म्हटलं असतं. बुधवारीच तुझी शिफारस झाली असती. हे सगळं झालंच नसतं."

तिने सतरंजीची घडी छातीशी धरली आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"त्या म्हनत हुत्या, सर बघत न्हाईत," ती म्हणाली. "मला खरं वाटलं न्हाई."